साच्यातला नट आणि प्रेक्षकाचे दायित्व

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



मराठी चित्रपटाच्या इतिहासातील १९३५ आणि १९३६ ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही वर्षी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने एकेका संताचे चरित्र पडद्यावर आणले. दोन्ही चित्रपटांत संताची भूमिका करणारा नट गायक होता आणि दोघांचीही रंगभूमीवरील कारकीर्द स्त्रीभूमिकांची होती. पहिला चित्रपट ‘धर्मात्मा’. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. दुसरा चित्रपट दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’. त्यात तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस.

बालगंधर्वांचे नाव त्या काळी महाराष्ट्राच्या घराघरांत होते. त्यांच्या भामिनीने, रुक्मिणीने आणि सिंधूने दोन पिढ्यांना वेड लावले होते. त्यांचे नेसणे, त्यांची केशरचना आणि दागिने घालण्याची पद्धत पाहून प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया तसे करून पाहत. असा लोकोत्तर कलावंत पुरुषवेषात, नाथांच्या सात्त्विक भूमिकेत उभा राहिला आणि प्रेक्षकांना तो आपला वाटला नाही. गळा तोच होता, भाव तोच होता. परंतु लोकांना हवे होते ते नारायणराव राजहंस नव्हेत, त्यांना हवी होती सिंधू. प्रभातचा आणि बालगंधर्वांचा संबंध त्या एका चित्रपटानंतर संपला. १९३७ साली ते पुन्हा पडद्यावर आले ते ‘साध्वी मीराबाई’ म्हणून, स्त्रीवेषातच. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते.

पागनीसांचे नेमके उलट झाले. रंगभूमीवर त्यांच्याभोवती बालगंधर्वांसारखे वलय नव्हते. त्यामुळे प्रेक्षक कोऱ्या मनाने चित्रपटगृहात गेला आणि तुकोबांना भेटून बाहेर आला. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तर पुढे अनेकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारले. पण पागनीसांचे काय झाले? नंतर ते तुलसीदास झाले, नरसी भगत झाले, विदुर झाले. १९४३ साली त्यांचे निधन झाले. ‘संत तुकाराम’नंतरच्या सात वर्षांत लोकांनी त्यांना संतपणातून खाली उतरू दिले नाही.

एकाला जुना साचा सोडू दिला नाही, दुसऱ्याला नवा साचा घडताच त्यात बंद केले. दोन्ही ठिकाणी निर्णय नटाचा नव्हता. तो प्रेक्षकाचा होता. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. तीच ती भूमिका वर्षानुवर्षे करणाऱ्या नटाला ‘याला दुसरे काही येत नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याला दुसरे काही करू कोणी दिले नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

साचा येतो कोठून?

ठराविक पात्रांची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. नाट्यशास्त्राच्या परंपरेने नायकाचे चार प्रकार सांगितले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. विदूषकाचे रूप ठरलेले होते, त्याचे खादाडपण ठरलेले होते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधारासोबत विदूषक होताच. कोकणातील दशावतारात संकासुराचे सोंग आले की पोरेसोरे आधीच खुदकन हसू लागतात. मात्र या परंपरेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे साचा पात्राचा होता, नटाचा नव्हता. आज संकासुर झालेला नट उद्या दुसरे सोंग घेऊ शकत होता. चेहरा रंगाखाली झाकलेला होता आणि रंग उतरला की माणूस मोकळा होता.

चित्रपटाने हा क्रम उलटा केला. कॅमेऱ्याने नटाचा चेहरा इतका जवळ आणून दाखवला की पात्र आणि चेहरा यांत अंतर उरले नाही. नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात नट नव्याने उभा राहतो. चित्रपटाची फीत मात्र गावोगावच्या तंबूत, पुढे दूरदर्शनवर आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, तीच मुद्रा पुन्हा पुन्हा दाखवत राहते. पंचवीस वर्षांपूर्वी केलेले सोंगही कालच केल्यासारखे ताजे असते.

त्यात व्यवसायाचे गणित मिसळले. मराठी चित्रपटाचे अंदाजपत्रक नेहमीच तुटपुंजे. १९७५ साली राज्य शासनाची करपरतावा योजना आली आणि निर्मितीला बळ मिळाले, तरी प्रत्येक चित्रपट हा निर्मात्याच्या दृष्टीने जुगारच होता. ओळखीचा चेहरा हा या जुगारातील सर्वांत सुरक्षित डाव. भित्तिपत्रकावर विशिष्ट नट दिसला की कथा सांगावी लागत नाही. खलनायकाच्या प्रतिमेचा नट वाड्याच्या जोत्यावर नुसता येऊन उभा राहिला, की गावात काय चालले आहे हे प्रेक्षकाला कळते. पटकथेतील दहा मिनिटे वाचतात. एका दिवसात दोन-तीन ठिकाणी चित्रीकरण करणाऱ्या नटालाही तयार साचा सोयीचा पडतो. तालीम नको, अभ्यास नको. कपडे बदलले की काम सुरू. वितरक मागतो ‘मागच्यासारखेच’, निर्माता देतो ‘मागच्यासारखेच’, आणि तिकीट काढून प्रेक्षक त्यावर शिक्कामोर्तब करतो.

गणेशोत्सवाच्या आधी पेणच्या कारखान्यांत गेलेल्यांना हे दृश्य परिचित असेल. साच्यातून एकसारख्या शेकडो मूर्ती निघतात. उंची तीच, बैठक तीच, सोंडेचे वळण तेच. परंतु डोळ्यांची आखणी साच्यातून निघत नाही. ती हाताने करावी लागते आणि त्या कामासाठी कारखान्यातील सर्वांत जाणता कारागीर बसतो. मूर्ती बघणाऱ्याकडे पाहते की नुसती मांडून ठेवलेली दिसते, हे त्या आखणीवर ठरते. साच्यात अडकलेल्या नटाची परीक्षाही याच ठिकाणी होते. देह साच्याने दिला. डोळे त्याने स्वतः आखले का?

देवत्वाचा भार

सर्वांत जड साचा देवादिकांचा. शाहू मोडक यांचा जन्म अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये ते बालकृष्ण म्हणून पडद्यावर आले आणि पुढे जवळपास तीस चित्रपटांत कृष्ण झाले. हिंदू घरांतील भाविकांनी त्यांच्या रूपात श्रीकृष्ण पाहिला. जन्माने ते कोण, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. हे या समाजाच्या निकोप दृष्टीचे लक्षण मानले पाहिजे. या शाहू मोडकांनी १९३९ साली शांतारामांच्या ‘माणूस’मध्ये साध्या पोलीस हवालदाराची, वेश्यावस्तीतील स्त्रीवर जीव जडलेल्या गणपतची भूमिका केली आणि ती अविस्मरणीय केली. पुढच्याच वर्षी ते ‘संत ज्ञानेश्वर’ झाले. कृष्णाचा मुकुट उतरवून हवालदाराची टोपी घालण्याची संधी प्रभातने दिली आणि प्रेक्षकांनी ती मान्य केली. संधी मिळाली की नट काय करू शकतो, याचे हे उदाहरण.

सगळ्यांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. २५ जानेवारी १९८७ या दिवशी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारची सकाळ तिने व्यापून टाकली. रस्ते ओस पडत. अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला हार घातले जात. अरुण गोविल त्यापूर्वी सामाजिक चित्रपटांतून कामे करीत होते. ‘विक्रम और बेताल’मधील राजा विक्रमही त्यांनीच साकारला होता. पण एकदा राम झाल्यावर लोकांना ते दुसऱ्या कोणत्याही रूपात सहन होईनात. नट म्हणून जी वर्षे सर्वांत फलदायी ठरायची, तीच वर्षे त्या प्रतिमेने गिळली. १९९७ साली ‘लव कुश’ या चित्रपटात त्यांनी लक्ष्मणाची भूमिका केली, तेव्हाही प्रेक्षक त्यांच्यात रामच शोधत होता. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या टाळेबंदीत, मालिका पुन्हा दाखवली गेली आणि तिच्या पहिल्या प्रसारणानंतर जन्मलेल्या मुलांनीही त्यांना राम म्हणूनच ओळखले. २०२४ साली ते मेरठमधून लोकसभेवर निवडून आले, तेव्हाही बातम्यांचे मथळे रामाचेच होते.

येथे एक गंमत नोंदवली पाहिजे. याच मालिकेतील सीता, दीपिका चिखलिया, १९९१ साली वडोदऱ्याहून लोकसभेवर गेल्या. आणि त्याच निवडणुकीत साबरकांठ्याहून निवडून आले ते रावण झालेले अरविंद त्रिवेदी! ज्या जनतेने पडद्यावर रावणाचा वध डोळे भरून पाहिला, तिने रावण साकारणाऱ्या कलावंताला मतपेटीतून संसदेत पाठवले. पात्र वेगळे आणि माणूस वेगळा, हा विवेक सामान्य माणसाजवळ असतो, याचा याहून चांगला पुरावा कोणता? प्रश्न इतकाच की हा विवेक मतदान करताना जागा असतो, तर तिकीट काढताना कोठे जातो?

जखमेचे शस्त्र झाले

खलनायकी साच्याची किंमत वेगळी. लालन-पालन करणाऱ्या, डोळे पुसणाऱ्या भूमिका करणाऱ्याला निदान लोकांचे प्रेम मिळते. खाष्ट सासू आणि खलपुरुष यांच्या वाट्याला शिव्याशाप येतात.

येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळात पडद्यावर आल्या आणि तिशीच्या दशकात नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड अतिशय जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, दीर्घ उपचार झाले, पण डावा डोळा कायमचा अधू राहिला. ज्या व्यवसायात चेहरा हेच भांडवल, त्यात पंचविशी-सव्विशीतल्या नायिकेचे भांडवल एका क्षणात बुडाले.

दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. ललिताबाईंनी तो अर्धवट मिटलेला डोळाच कामाला लावला. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढची चार दशके हिंदी-मराठी चित्रपटांतील कजाग सासू, कारस्थानी नणंद, कठोर जाऊ म्हटले की त्यांचेच नाव पुढे येऊ लागले. नव्या सुनेला ‘सासू काय ललिता पवार आहे का?’ असे विचारण्याची पद्धत पडली. एका स्त्रीचे नाव विशेषण होऊन बसले!

पण त्यांनी साच्यात डोळे कसे आखले, हे पाहण्यासारखे आहे. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळेवाली आठवा. फटकळ, तोंडाळ आणि आतून आईच्या काळजाची. ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा भाडेकरूवर कडाडते आणि गुपचूप त्याच्या पोटाची काळजी वाहते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘जंगली’ (१९६१) मधील करारी आई घरात कोणाला हसू देत नाही, आणि शेवटी तीच वितळते. या तिन्ही भूमिकांत साचा तोच आहे. भुवई तशीच चढते, आवाज तसाच धारदार लागतो. प्रेक्षक त्या भुवईला घाबरतो, म्हणूनच पुढे येणारी माया त्याला दुप्पट भिडते. साच्याची भीती हेच त्यांनी करुणेचे साधन केले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. ‘रामायण’मध्ये त्या मंथरा झाल्या, तेव्हा घरोघरी त्यांचा तिरस्कार झाला; आणि हीच त्या वृद्ध कलावतीला मिळालेली दाद होती. १९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

निळू फुले यांची कथा याच जातीची, पण तिच्यात एक वेगळा पेच आहे. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला हा माणूस ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने गाजला आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातील झेलेअण्णा म्हणून पडद्यावर आला. त्यानंतर मराठी चित्रपटातील गावचा पाटील, सरपंच, सावकार हे सगळे चेहरे जणू एकच झाले. तिरकी नजर, घोगरा आवाज, ओठांच्या कोपऱ्यातले हसू. खेड्यापाड्यांत बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटे मोडत, असे सांगतात. प्रत्यक्षात हा माणूस साधा, वाचनप्रिय आणि सार्वजनिक कामासाठी झोळी घेऊन फिरणारा. सामाजिक कार्यकर्त्यांच्या निर्वाहासाठी निधी उभारण्याच्या कामात डॉ. श्रीराम लागू यांच्यासोबत ते हिरिरीने उतरले होते. त्यांच्या विचारांशी मतभेद असणाऱ्यांनीही त्यांच्या निष्ठेबद्दल कधी शंका घेतली नाही. पडद्यावर आयुष्यभर गोरगरिबांना लुबाडणारा नट पडद्याबाहेर त्यांच्यासाठीच राबत होता.

या साच्यातही डोळे आखले गेले ते दोन चित्रपटांत. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांच्या ‘सामना’मध्ये त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखानदार उभा केला. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, या एका प्रश्नाभोवती तो चित्रपट फिरतो. वरवर पाहता हिंदुराव म्हणजे नेहमीचाच पाटील, पण डॉ. लागूंच्या मास्तरसमोर त्याची मग्रुरी हळूहळू कशी ढासळते, हे निळूभाऊंनी दाखवले. त्यातून साच्याच्या आतला माणूस दिसला. १९७९ सालच्या ‘सिंहासन’मध्ये तर तो साचाच बाजूला ठेवला गेला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या या चित्रपटात ते झाले पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेचा खेळ उघड्या डोळ्यांनी पाहणारा आणि काहीही करू न शकणारा साक्षीदार. ज्या नटाकडे बघून लोक दचकत, त्याच नटाच्या डोळ्यांतून त्यांनी या वेळी सत्तेचा खेळ पाहिला. असे दिगू टिपणीस त्यांच्या वाट्याला किती यावेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सर्व काळ वाडा, वेताची छडी आणि तेच हसू. १३ जुलै २००९ रोजी ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांतही ‘खलनायक’ हाच शब्द पुढे होता.

हसवणाऱ्याचे अश्रू

सर्वांत क्रूर साचा मात्र विदूषकाचा आहे. खलनायकाचा राग तरी येतो, म्हणजे त्याला कोणी गंभीरपणे घेते. विदूषकाला कोणीच गंभीरपणे घेत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता रंगमंचावर उभे राहिले. ‘टुरटुर’ या नाटकाने त्यांना नाव दिले, ‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी ते नाव घराघरांत नेले. महाराष्ट्राने त्यांना आडनावाने हाक मारली नाही. तो सर्वांचा ‘लक्ष्या’ झाला. पुढे अनेक चित्रपटांत पात्राचे नावही लक्ष्याच असे. नट कोठे संपतो आणि पात्र कोठे सुरू होते, ही सीमारेषाच पुसली गेली. हिंदीत ते गेले, ‘मैंने प्यार किया’ (१९८९) आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये दिसले, तेथेही घरातला विनोदी सेवक किंवा मित्र, हीच चौकट. धडपडणे, डोळे विस्फारणे, बोबडी वळणे, पळणे. तिकीटबारी खूश होती.

१९९२ साली जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ हा चित्रपट केला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) नंतर जवळजवळ चार दशकांनी पुलंनी चित्रपटासाठी लेखणी उचलली होती. गीते ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचे. कथा आबुराव नावाच्या सोंगाड्याची. तमाशाच्या फडात वाढलेला हा पोरगा हसवता हसवता चित्रपटातला मोठा नट होतो, मग राजकारण्यांच्या हातचे बाहुले होतो, आणि साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही. या भूमिकेसाठी लक्ष्मीकांत बेर्डे यांची निवड झाली.

त्यांनी ही भूमिका अशी केली की जाणकार स्तिमित झाले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण चित्रपटगृहात काय घडले? लोक ‘लक्ष्याचा पिक्चर’ म्हणून आले. तो आता धडपडेल, आता बोबडी वळेल, म्हणून वाट पाहत बसले. पडद्यावर एक माणूस आतून मोडत होता आणि समोरच्या खुर्च्यांना वाटत होते की विनोद अजून का येत नाही. चित्रपट चालला नाही. दुसऱ्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला, बोलका बाहुला आणि घाबरलेला लक्ष्या. त्याला तुडुंब गर्दी झाली. नटाला जे कळायचे ते कळले. प्रेक्षकाने त्याला स्पष्ट सांगितले होते: रडायचे नाही.

१६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. त्यानंतर ‘एक होता विदूषक’ची थोरवी सगळ्यांना उमगली. आज त्या चित्रपटाबद्दल आदराने लिहिले जाते. हा आदर १९९२ मध्ये तिकीटबारीवर दिसला असता, तर पुढच्या बारा वर्षांत त्या कलावंताने आणखी काय काय केले असते, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला विचारला पाहिजे.

साचा वाईट असतो का?

येथे एक आक्षेप संभवतो. प्रतिमा टिकवूनही मोठे झालेले कलावंत नाहीत का? निश्चितच आहेत. चार्ली चॅप्लिन यांनी १९१४ साली घातलेली ती टोपी, ती काठी, ती ढगळ पाटलोण आणि ते मोठे बूट १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’पर्यंत सांभाळले. दादा कोंडके यांनी १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून भोळ्याभाबड्या गावरान माणसाचे एकच रूप पुन्हा पुन्हा रंगवले आणि त्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले. पण या दोघांचे साचे त्यांचे स्वतःचे होते. चित्रपट त्यांचाच, निर्णय त्यांचाच. चॅप्लिनना वाटले तेव्हा त्यांनी तो भटक्या बाजूला ठेवला आणि १९४० साली हुकूमशहाची थट्टा करणारा चित्रपट काढला. साचा नटाच्या हातात असेल तर ते त्याचे अवजार असते. नट साच्याच्या हातात गेला की ती बेडी होते.

अमिताभ बच्चन यांनाही हे चुकले नाही. ‘जंजीर’ (१९७३) आणि ‘दीवार’ (१९७५) यांतील धुमसणारा विजय पुढे कितीतरी चित्रपटांत त्याच नावाने भेटत राहिला. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्यांनी आवाज बदलून एक वेगळा विजय उभा केला. प्रेक्षकांना तो आवाज रुचला नाही. राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्याच भूमिकेला मिळाला. ते विजयच्या साच्यातून खऱ्या अर्थाने बाहेर आले ते केस पांढरे झाल्यावर, २००० नंतर. एवढ्या मोठ्या नटालाही सुटकेसाठी साठी गाठावी लागली, तेथे इतरांची काय कथा!

आज दूरचित्रवाणीवरील मालिकांनी हा फास अधिक आवळला आहे. एकच भूमिका रोज, वर्षानुवर्षे. मालिका संपते, पण बाजारात, लग्नसमारंभात त्या मुलीला पात्राच्याच नावाने हाक मारली जाते आणि पुढचे कामही तसेच येते.

प्रेक्षकाचा धर्म

श्रोतेहो, कलावंताला मानधन मिळते, प्रसिद्धी मिळते; मग त्याच्या साच्याची चिंता इतरांनी का करावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर घराघरांतच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात अंगाने दांडग्या मुलाला दरवर्षी भीमच केले जाते. त्यालाही एकदा अर्जुन व्हावेसे वाटते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कुटुंबात एखादा काका सगळ्यांना हसवणारा असतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आले तर लोकांना तीही नक्कलच वाटते. एखादी वहिनी ‘कडक’ म्हणून ठरलेली असते. तिने मायेने विचारपूस केली तरी घरातले सावध होतात. पडद्यावरच्या माणसाला एका चौकटीत बसवण्याची जी सवय लागते, ती सवय पडदा बंद झाल्यावर संपत नाही.

म्हणून प्रेक्षकाचे काम टाळी वाजवण्यापुरते नाही. बालगंधर्वांना नाथ होऊ न देणारा तोच, आणि शाहू मोडकांना हवालदार होऊ देणारा तोच. एका घराने काढलेली चार तिकिटे दिसायला क्षुल्लक. परंतु वितरक आणि निर्माता त्या तिकिटांचीच भाषा वाचतात. ओळखीचा नट अनोळखी भूमिकेत आला, की ‘हे त्याला शोभत नाही’ म्हणण्याआधी दोन तास शांतपणे बसून पाहणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.

सुट्टीच्या एखाद्या दिवशी घरातल्या मुलांना सोबत घेऊन तीन चित्रपट पाहावेत. ललिता पवारांसाठी ‘अनाडी’, निळू फुले यांच्यासाठी ‘सिंहासन’ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासाठी ‘एक होता विदूषक’. पाहताना मुले विचारतील, ‘हा तर नेहमी हसवतो, मग आज असा का वागतोय?’ त्यांना गप्प करू नये. हा प्रश्न १९९२ साली मोठ्यांनी विचारायचा राहून गेला होता.